आधी गोळा, मग आकडा

रिपोर्टचा फोटो पाहिला. आधी दोन घास खाऊन घे, मग हे वाच. डाव्या खुब्याचा अल्फा कोन 46 अंश आलाय, मोबाइलवर शोधल्यावर 60 हवा असं दिसलं, आणि तू रात्रभर जागलीस. पण त्या आकड्याच्या वरची ओळ वाचलीस का? मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत आहे, असं तिथं लिहिलंय. पट्टा लावायच्या आधीच्या रिपोर्टमध्ये तो वाटीबाहेर सरकलेला होता. दोन आठवड्यांत तो आत आला. डॉक्टर ‘छान’ म्हणाले ते त्यासाठी, तुझी समजूत काढायला नाही.

माझ्या लेकीच्या वेळी मीही असेच रिपोर्ट मांडीवर घेऊन बसायचे. तेव्हा जे कळत गेलं ते तुला सांगते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे विचारायचं ते त्यांना विचारच. पण एक गोष्ट मनाशी पक्की धर. या उपचारात सोनोग्राफी पुन्हा पुन्हा होते आणि दर वेळी तिला विचारायचा प्रश्न वेगळा असतो. आधी, गोळा आत आला का? मग, आत टिकतोय का? त्यानंतर, वाटीचं छप्पर वाढतंय का? आणि सगळ्यात शेवटी, आता पट्टा काढला तर चालेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीलाच मागायला गेलं की झोप उडते. तुझं तेच झालंय.

खुब्याचा सांधा म्हणजे आपण शाळेत शिकलो तो उखळीचा सांधा. एक वाटी आणि तीत फिरणारा गोळा. तान्ह्या बाळात यातला बराच भाग अजून हाड झालेला नसतो, मऊ कूर्चाच असते. वाटी उथळ राहिली की गोळा कडेला घसरतो, कधी पार बाहेर जातो. तो परत मधोमध बसला की त्याच्या दाबानंच वाटी खोल होत जाते. आई मोदकाची पारी करते ना, तसंच. अंगठा मधोमध ठेवून आतून दाबत गेलं की कडा हळूहळू वर येतात. अंगठा कडेवर गेला की पारी तिथंच फाटते. तुझ्या लेकीचा पट्टा अंगठा मधोमध ठेवायचं काम करतोय. तो खरंच मधोमध आहे की कडेवर गेलाय, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. सोनोग्राफी लागते ती एवढ्यासाठी.

तुझ्या सासऱ्यांनी विचारलं ना, की सरळ एक्स-रे काढून का बघत नाहीत? त्यांना सांग, एक्स-रेवर हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. गोळ्यात हाडाचा पहिला ठिपका साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात उमटतो. तोवर एक्स-रेवर गोळ्याच्या जागी मोकळी जागाच असते. ध्वनिलहरी मात्र कूर्चेतून आरपार जातात, त्यामुळे गोळा, वाटीचं छप्पर, छपराची मऊ कड, सगळं पडद्यावर दिसतं. भूल नाही, सुई नाही, एक्स-रेचे किरणही नाहीत. म्हणून ती दर आठवड्याला केली तरी बाळाला अपाय नाही. पुढे गोळ्यातलं हाड मोठं झालं की तेच ध्वनिलहरींना अडवतं आणि एक्स-रेची पाळी येते.

हे सगळं फार जुनं नाही बरं. आधी डॉक्टरांच्या हाताच्या स्पर्शावरच भिस्त असायची. इटलीतल्या फेरारा गावचे बालरोगतज्ज्ञ मारिनो ओर्तोलानी यांनी 1937 मध्ये गोळा वाटीत परत जाताना हाताला जाणवणारा ठोका लिहून ठेवला; इंग्लंडच्या बार्लो यांनी 1962 मध्ये सैल गोळा मागे सरकतोय का, ते तपासायची पद्धत दिली. तुझ्या डॉक्टरांनी बाळाचे गुडघे धरून मांड्या फिरवून पाहिल्या, ती हीच तपासणी. ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी 1980 मध्ये सोनोग्राफीनं खुबा मोजायची रीत मांडली. रिपोर्टवर ‘ग्राफ टाईप’ लिहितात, ते त्यांचं नाव. त्यांच्या देशात 1992 पासून आणि जर्मनीत 1996 पासून प्रत्येक नवजात बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी होते. आपल्याकडे हातानं तपासणी सगळ्यांची करायची आणि ज्यांना धोका जास्त त्यांची सोनोग्राफी सहाव्या आठवड्याच्या सुमारास, असा शिरस्ता आहे. फार आधी केली तर नुसते कच्चे असलेले, आपोआप पक्के होणारे खुबेही रोगी वाटतात.

आणि पट्टा? तो चेक डॉक्टर आर्नोल्ड पावलिक यांचा, 1940 च्या दशकातला. त्याआधी बाळांचे पाय जोर लावून फाकवायचे आणि तसेच जखडून ठेवायचे. त्यात कित्येक बाळांच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायचा. पावलिकांनी जखडणं सोडलं. पाय नुसते दुमडलेले आणि अलगद बाजूला ठेवायचे, बाकी बाळाला हवे तेवढे पाय झाडू द्यायचे; त्या हालचालीनंच गोळा वाटीत जातो. म्हणून ती पट्ट्यात पाय झाडते तेव्हा घाबरू नको. ते झाडणं हाच उपचार आहे.

आता सोनोग्राफीच्या दिवसाबद्दल. निघायच्या आधी नाही, तिथं पोचल्यावर पाज. पोट भरलेलं, पेंगुळलेलं बाळ असलं की काम पटकन होतं. सातारा ते पुणे प्रवासात गाडी खोळंबतेच, तेव्हा एक जादा दुपटं आणि लंगोट वर ठेव. जेल गार असतं, थोडं कोमट करायला सांग, कुणी नाही म्हणत नाही. बाळाला कुशीवर ठेवतात, खुब्याच्या बाहेरच्या बाजूला प्रोब लावतात. तू डोक्याशी उभी राहा, तिला तुझा चेहरा दिसू दे. खुळखुळा हलवायला कुणाला तरी बरोबर घेऊन जा. दोन्ही खुबे दर वेळी बघायला हवेत, उजवा चांगला असला तरी. घाईच्या दिवशी नुसता डावाच बघून सोडायला लागले, तर नम्रपणे आठवण कर.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टा काढायचा की नाही, हे आधी तुझ्या हाडांच्या डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घे. सुरुवातीच्या सोनोग्राफी पट्टा अंगावर असतानाच करायच्या असतात, कारण पट्ट्यात गोळा कुठे बसतो हाच तर प्रश्न असतो. नुकताच आत आलेला गोळा ढकलून बघायचा नसतो. जिथं मोठ्यांच्या पोटाच्याच सोनोग्राफी जास्त होतात, तिथला एखादा मदतनीस सवयीनं ‘कपडे काढा’ म्हणता म्हणता पट्टाही सोडायला जातो. तिथं तू आई आहेस, हात पुढे करून थांबव आणि चिठ्ठी दाखव. पुढे शेवटी शेवटी मात्र डॉक्टर मुद्दाम पट्टा काढून, पाय हलवून बघायला सांगतील. तेव्हा प्रश्न बदललेला असेल.

आता तुझा तो 46. वाटीचं हाडाचं छप्पर किती उभं चढलंय, ते अल्फा कोन सांगतो. 60 किंवा त्याहून जास्त असेल तर पक्का खुबा. 50 ते 59 म्हणजे तीन महिन्यांच्या आतल्या बाळात बहुतेकदा नुसता कच्चेपणा, तीन महिन्यांनंतर मात्र उथळपणा. 43 ते 49 म्हणजे वाटी बरीच उथळ, आणि 43 च्या खाली गोळा सहसा सरकलेलाच. तुझी लेक 40 वरून 46 वर आली. छप्पर हाडाचं आहे, ते गोळा आत आल्या दिवशी उगवत नाही, आठवड्या-आठवड्यांनी वाढतं. गोळा मधोमध आहे एवढं आत्ता पुरे.

आणखी एक. हा कोन मशीन आपोआप काढत नाही. पडद्यावरचं चित्र ठरावीक जागी थांबवायचं, त्यात तीन खुणा नीट दिसायला हव्यात, मग त्यावर माणूस रेषा मारतो. प्रोब जरा तिरका धरला गेला तरी आकडा बदलतो. एकाच खुब्याला दोन रेडिऑलॉजिस्ट दोन-चार अंशांचा फरक देऊ शकतात. म्हणून पुढच्या वेळी 46 चा 45 झाला तर आभाळ कोसळलं समजू नको, आणि 49 झाला तर पेढेही वाटू नको. तीन-चार रिपोर्ट एका ओळीत मांडले की खरी चाल दिसते. जमलं तर दर वेळी एकाच ठिकाणी, एकाच डॉक्टरांकडे कर. मागच्या फिल्म बरोबर ने, नुसते रिपोर्टचे कागद नकोत. बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी ज्यांच्या हातची रोजची आहे त्यांच्याकडे जा. घराजवळचं सेंटर स्वस्त पडतं हे मला कळतं, पण इथं सवयीच्या हाताला किंमत आहे.

आता जरा कडू बोलते, कारण हे तुला आधी ठाऊक असलेलं बरं. सगळ्याच बाळांचा गोळा पट्ट्यानं आत जात नाही. तुझ्या लेकीचा गेला, पण तो टिकायला हवा. पुढच्या एक-दोन सोनोग्राफी त्यासाठीच आहेत. तीन-चार आठवडे पट्टा नीट लावूनही गोळा बाहेरच राहिला, तर डॉक्टर पट्टा थांबवतात. त्या वेळी घरचे म्हणतात, ‘अजून महिनाभर बघू या की.’ बघायचं नाही. बाहेर राहिलेला गोळा वाटीच्या मागच्या कडेवर दाब देत राहतो आणि ती कडच झिजते. मग पुढचा उपचारही अवघड होतो. वेळेवर थांबवलं तर पुढे वाट आहे. दुसऱ्या प्रकारचा पट्टा असतो, नाहीतर भूल देऊन गोळा बसवून प्लास्टर घालतात. थांबायची वेळ अचूक सांगणारी सोनोग्राफीही आपल्या कामाचीच. पाहणी न करता महिनोन्‌महिने पट्टा लावून ठेवला, तर न लावण्यापेक्षाही वाईट होऊ शकतं.

सोनोग्राफी सांगणार नाही असं एक रोज घरी बघायचं. ती गुडघा सरळ करून पाय झटकते का? पट्ट्यात मांडी जरुरीपेक्षा जास्त दुमडली गेली, तर पुढच्या बाजूची नस दबते आणि बाळ तो गुडघा ताठ करेनासं होतं. रोज सकाळी लंगोट बदलताना तळपायाला गुदगुली कर आणि बघ. झटका दिसला नाही तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन. वेळेत कळलं की पट्टा सैल करून किंवा काही दिवस काढून नस सहसा परत काम करू लागते. पट्ट्यावर डॉक्टरांनी पेनानं खुणा केल्यात ना? बंद त्या खुणेवरच हवेत. बाळ वाढेल तसे ते बदलावे लागतात, पण बदलायचे डॉक्टरांनी. त्यासाठीच दर आठवडा-दोन आठवड्यांनी बोलावतात. रात्री ती किरकिरली म्हणून आजीनं एक बंद सैल केला, तर सगळी मोजणी वाया.

आंघोळीचं आईला मी समजावीन. नातीला पायावर घेऊन न्हाऊ घालायची, पाय ओढून सरळ करायची तिची केवढी हौस! तूर्त ओल्या फडक्यानं पुसायचं, मानेची, जांघेची आणि गुडघ्यामागची घडी कोरडी ठेवायची, पावडर-तेलाचा चिखल करायचा नाही. मालिश करायला येणाऱ्या बाईंना हात आणि पाठ तेवढी दे, तीही डॉक्टर हो म्हणाले तर. लंगोट पट्ट्याच्या आतून, झबलं वरून. झोळीत घालू नको, साडीच्या झोळीत मांड्या जवळ येतात. सपाट गादीवर पाठीवर झोपव. आणि शेजारच्या काकूंनी सांगितलेले दोन लंगोट एकावर एक? त्यानं खुबा बसत नाही, उगाच काहीतरी केल्याचं समाधान तेवढं मिळतं.

तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं म्हणालीस, तिच्या बाळाचा आकडा सहाव्या आठवड्यात 55 आला आणि डॉक्टरांनी पट्टा न देता परत सोनोग्राफीला बोलावलं. ती म्हणते, हे डॉक्टर हयगय करतात. नाही गं. गोळा पक्का बसलेला असेल आणि वाटी थोडीच कच्ची असेल, तर लक्ष ठेवून थांबणं हाही उपचारच आहे. नॉर्वेतल्या बर्गनचा 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात सौम्य उथळपणाच्या काही बाळांना लगेच उपचार दिला आणि काहींवर सोनोग्राफीनं नुसतं लक्ष ठेवून, गरज पडली तरच दिला. वर्षाच्या वयात दोन्ही गटांचे खुबे सारखेच निघाले, आणि लक्ष ठेवलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास बाळांना उपचार लागलाच नाही. तिला एवढंच सांग, पुढची तारीख चुकवू नको. नुसतं थांबणं आणि लक्ष ठेवून थांबणं यात त्या तारखेचाच फरक असतो.

आणि आता ते, जे तू फोनवर बोलता बोलता गिळलंस. ‘माझंच काही चुकलं का?’ काही चुकलं नाही. तुझी लेक पायाळू. सिझेरियननं आली तरी शेवटचे महिने ती पोटात बसूनच होती, आणि तशा बाळांमध्ये हे जास्त दिसतं. मुलगी, पहिलटकरणीचं बाळ, वर सख्खी मावसबहीण याच आजाराची. डावा खुबाही त्यातलाच, कारण डाव्या बाजूला हे जास्त होतं. आपल्या आजीला पायाळू म्हटलं की उसण भरलेल्या कमरेला पाय लावून घ्यायचं आठवतं. त्या पायाचा खुबा तपासायचं आठवायला हवं, ते तुझ्या डॉक्टरांना आठवलं आणि सहाव्या आठवड्यात सापडलं. चालायला लागल्यावर सापडलं असतं तर गोष्ट ऑपरेशनवर गेली असती.

गुंडाळण्याचं मात्र लक्षात ठेव, पुढच्या बाळासाठी आणि जावेच्या बाळासाठीही. पाय सरळ ताठ करून दुपट्यात करकचून बांधलं की गोळ्यावर बाहेर सरकायचा ताण येतो. जपानमध्ये 1975 च्या सुमारास पाय सरळ बांधून ठेवू नका अशी मोहीम काढली, आणि तिथलं या आजाराचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. छाती-हात गुंडाळा हवे तर, पण कमरेखाली दुपटं सैल हवं, पाय बेडकासारखे दुमडून हलायला हवेत. आपल्या बायका बाळ कडेवर घेतात, ती बैठक खुब्याला मानवणारी. पट्टा सुटला आणि डॉक्टर हो म्हणाले की तू खुशाल कडेवर घेऊन फीर.

तुझ्या स्वयंपाकाच्या मावशींनाही हे सांग, त्यांच्या सुनेचं बाळ पायाळूच आहे म्हणालीस. खुबा निखळणं हे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जन्मजात दोषांच्या यादीत आहे. आशाताईंना विचारलं तर त्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवतील. लसीच्या प्रत्येक खेपेला ‘खुबेही बघा’ एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत.

आता पुढचं. गोळा आत टिकला, तर पट्टा आणखी निदान सहा आठवडे तरी धरून चाल. सगळे मिळून दोन ते तीन महिने होतात. मधल्या सोनोग्राफीत छप्पर चढताना दिसेल, गोळ्याचा निम्म्याहून जास्त भाग त्याखाली आलेला दिसेल. कोन 60 च्या पुढे आणि गोळा हलवूनही जागचा हलत नाही, असं झालं की पट्टा निघेल. काही डॉक्टर एकदम काढतात, काही आधी दिवसा काढून रात्री ठेवतात. दोन्ही ठीक, फक्त आपल्या मनानं ठरवायचं नाही.

पट्टा निघाला की घरातले सगळे मोकळे होतील आणि फाईल कपाटावर जाईल. ती जाऊ देऊ नको. चांगल्या भरलेल्या वाटीचीही वाढ पुढे कधी मंदावते, आणि ते बाळ कुठंही दुखतंय म्हणत नाही, छान रांगतं, चालतंसुद्धा. म्हणून सहा महिन्यांच्या आसपास एक्स-रे, मग चालायला लागल्यावर, आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितकी वर्षं. माझी लेक आता शाळेच्या मैदानावर लंगडी घालते, तरी तिची तारीख आली की मी सुट्टी टाकून जातेच. तुझ्या कॅलेंडरवर पहिल्या वाढदिवसाच्या चौकोनात केकच्या ऑर्डरशेजारी एक्स-रेही लिहून टाक. विसरलीस तर कटकट करायला मी आहेच.